अर्ध्या मिनिटाचं सौजन्य

कामिनुमा, निइगाता
८ डिसेंबर २००८

आदरणीय गेनझोदादा,

बर्फाने डोंगर पांढरे झाले आहेत आणि पाखरांसाठी झाडावर राखलेलं शेवटचं फळही गोठलं आहे. अशा दिवसांत हिरोशिमाच्या खाडीतली कालवं चांगली पुष्ट झाली असतील आणि आपली प्रकृतीही तशीच असेल, अशी आशा करतो.

इतक्या महिन्यांनी पत्र लिहायचं आणि तेही स्वतःच्या अडचणीसाठी, याची मला फार लाज वाटते. तामिएची लाल गाडी सुरू होत नाही.

आपल्या बहिणीने जाताना माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, हे आपण जाणताच. तिच्या अस्थींचा अर्धा वाटा हिरोशिमाला, आईवडिलांच्या थडग्यात ठेवायचा. आणि तो आगगाडीने नाही, तिच्या गाडीतून न्यायचा. "आगगाडीत मला मांडीवर घेऊन बसाल आणि नऊशे किलोमीटर शेजारच्या प्रवाशांची माफी मागाल," असं ती म्हणाली होती. येत्या २२ मार्चला तिला जाऊन दोन वर्षं होतील. त्या दिवशीच्या विधीला अस्थी घेऊन पोचायचं, असं मी ठरवलं आहे. ऑक्टोबरात गाडी बाहेर काढली तेव्हा ती छान चालली. थंडी पडली आणि आठ दिवसांत रुसली. स्टार्टर नुसता फिरतो, पेट्रोलचा वास येतो, बाकी काही नाही.

मी हयगय केलेली नाही. आमच्या गल्लीत सकाळी सहा चाळीसला बर्फ ढकलणारं यंत्र येतं. त्याआधी सगळ्यांनी गाड्या पलीकडच्या कडेला न्यायच्या आणि यंत्र गेलं की परत आणायच्या, असा गल्लीच्या मंडळाचा नियम आहे. मी एकदाही चुकलो नाही. शेजाऱ्यांची झोपमोड नको, त्यांच्या खिडकीत धूर नको, म्हणून अर्ध्या मिनिटाच्या वर कधी इंजिन चालू ठेवलं नाही.

इथल्या मेकॅनिकने झाकण उघडून आत पाहिलं, हळूच बंद केलं आणि मला वाकून नमस्कार केला. "साहेब, यात पिस्टनच नाहीत," म्हणाला.

आता गाडी गल्लीत अडून बसली आहे आणि यंत्राला वळसा घालावा लागतो. मंडळाचे अध्यक्ष इगाराशी काही म्हणत नाहीत. रोज सकाळी गाडीजवळ उभे राहून माझ्याशी हवामानाबद्दल बोलतात. मला रात्री झोप लागत नाही.

वर्षअखेरची भेट म्हणून तांदळाची खारी बिस्किटं पाठवली आहेत. अगदीच क्षुल्लक आहेत.

आपला नम्र,
यासुनोरी


हिरोशिमा
१३ डिसेंबर

यासुनोरीराव,

माझी आणि कालवांची प्रकृती एका दमात विचारणारे तुम्हीच. आम्ही सगळे ठीक आहोत. बिस्किटं मिळाली, क्षुल्लक होती.

त्या मेकॅनिकला सांगा, पिस्टन नाहीत म्हणूनच ते इंजिन आहे, नाहीतर तुमच्या शेजाऱ्यांच्या गाड्यांसारखा डबा झाला असता. आत दोन तिकोनी रोटर फिरतात. दिसायला भाताच्या तिकोनी मुदीसारखे. कारखान्यात आम्ही त्यांना मूदच म्हणायचो. छत्तीस वर्षं मी त्या मुदींच्या टोकांना पट्ट्या बसवल्या. तामिएच्या गाडीतल्या दोन्ही मुदी माझ्या हातच्या आहेत. तेव्हा इंजिनाला नावं ठेवायची नाहीत.

तुमच्या पत्राचा मधला भाग मी वाचला नाही, तिथे शेजारी होते. पण दुखणं कळलं. इंजिनात पेट्रोल तुंबलंय. प्लग ओले झाले आणि पेट्रोलने आतलं तेल धुऊन नेलं. तेल गेलं की त्या पट्ट्या नीट चिकटत नाहीत, मग इंजिनाला दम धरता येत नाही.

आता लिहून घ्या. नगरपालिकेत चाळीस वर्षं काढलीत, तेवढं जमेल. पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढा. चारही प्लग काढून पुसा. अॅक्सिलरेटरचं पॅडल तळापर्यंत दाबून धरा आणि स्टार्टर दहा सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा दहा सेकंद. प्लगच्या भोकांतून पेट्रोल बाहेर उडेल, जवळ विडीकाडी नको. मग प्रत्येक भोकात चमचाभर तेल सोडा, प्लग बसवा आणि वरच्या प्लगची वायर खालच्याला लावू नका. बॅटरी भरलेली हवी. फ्यूज परत लावून सुरू करा. धूर एवढा येईल की गल्ली दिसणार नाही. घाबरू नका.

आणि एक. १५ मार्चपर्यंत गाडी चालली नाही, तर इथून ट्रक पाठवतो. तो गाडीही आणेल आणि बहिणीलाही आणेल. तुम्ही या आगगाडीने, माफी मागत.

गेनझो


कामिनुमा
२१ डिसेंबर

आदरणीय गेनझोदादा,

वर्षातला सर्वांत छोटा दिवस आज मावळला. आपल्या कृपेने काल सकाळी गाडी सुरू झाली! आपण लिहिलं होतं त्याच क्रमाने सगळं केलं; प्रत्येक कलमापुढे खूणही केली. तिसऱ्या खेपेला इंजिन असं गरजलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते काही अंशी धुराने आलं असावं.

धुरातून इगाराशी आले. घरातल्या कपड्यांवर होते, पायात बायकोच्या चपला.

"छान ऊन पडलंय आज," ते म्हणाले.

ऊन कुठेही नव्हतं. मी काय समजायचं ते समजलो. लगेच किल्ली बंद केली, कमरेत वाकलो आणि मग गल्लीतल्या सातही घरी लाल घेवड्याची मिठाई वाटून आलो.

संध्याकाळी पुन्हा किल्ली फिरवली. सुरू होत नाही. तोच वास.

माझ्या हातून कोणतं कलम सुटलं, हे कळत नाही. क्षमस्व.

यासुनोरी


हिरोशिमा
२६ डिसेंबर

यासुनोरीराव,

तुमचं पत्र वाचून मी इतका ओरडलो की बायको न्हाणीघरातून धावत आली.

मग तुमचं पहिलं पत्र काढलं आणि मधला भाग वाचला. अर्धं मिनिट! रोज दोनदा! अहो, गारठलेल्या इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल भरभरून वाढलं जातं. इंजिन तापलं की मग हात आखडता घेतला जातो. तुम्ही रोज सकाळी पाहुण्याला पाटावर बसवता, पान भरता आणि पहिला घास तोंडात असताना पान उचलता, का तर शेजाऱ्यांना भांड्यांचा आवाज नको! पाहुणा रुसेल नाहीतर काय करेल?

हे इंजिन सुरू केलं की त्याला तापू द्यायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तापमानाचा काटा मधल्या रेषेवर येईपर्यंत बंद करायचं नाही, मग खुद्द सम्राटाची मोटार मागे उभी असली तरी. बंद करण्याआधी मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर दहा सेकंद गरजवायचं, म्हणजे आत साचलेलं जळून जातं. मग किल्ली काढायची. हा नियम कारखान्यात झाडूवाल्यालाही ठाऊक होता.

आता मला एक सांगा. तामिएने तुमच्या त्या गोठलेल्या गावात हीच गाडी पंधरा हिवाळे चालवली. एकदाही अडली नाही, अडली असती तर मला कळलं असतं. यंत्र तेव्हाही येत होतं, तुमचे अध्यक्षही होते. मग ती काय करायची? गल्लीत इंजिन गरजवायची का? आणि तुम्ही गप्प बसायचात? यावर माझा विश्वास नाही.

उत्तर पाठवा. मिठाई पाठवू नका.

गेनझो


कामिनुमा
१ जानेवारी २००९

नववर्षाच्या शुभेच्छा. गेल्या वर्षी आपल्याला फार त्रास दिला, या वर्षीही कृपा असू द्यावी. आपल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही, हे लिहिताना लाज वाटते. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला हे कधी विचारलंच नाही.

यासुनोरी


कामिनुमा
१८ जानेवारी

गेनझोदादा,

आज हवामानाचं काही लिहीत नाही.

आपल्या प्रश्नाने मला पुरतं हलवलं. बसून आठवलं. गाडी आणली त्या पहिल्या हिवाळ्यात तामिए सकाळी खरंच इंजिन गरजवायची. चार-पाच दिवस गेले. मग इगाराशी येऊन माझ्याशी हवामानाबद्दल बोलले. मी सात घरी मिठाई वाटली आणि घरी येऊन तिला म्हणालो, "तामिए, लोक काय म्हणतील?" दुसऱ्या दिवसापासून यंत्र यायच्या आधी ती गाडी घेऊन नदीपलीकडे जाऊ लागली. तोफू आणायला.

पंधरा हिवाळे रोज ताजा तोफू. चार किलोमीटर जायचं, चार किलोमीटर यायचं, बर्फ असो नाहीतर वादळ. मला वाटायचं, काय हे तोफूचं वेड! खरं सांगायचं तर, दादा, मला तोफू आवडत नाही. ओल्या कापडासारखा लागतो. पण ती एवढ्या हौसेने आणायची, म्हणून मी मुकाट्याने खात होतो. ती आपला वाटाही मलाच वाढायची. मला वाटायचं, केवढा हा त्याग.

गेल्या बुधवारी बसने नदीपलीकडे गेलो. दुकान अजून आहे. ओबाता नावाच्या म्हाताऱ्या बाई चालवतात. मी नाव सांगितलं तर हात पुसत बाहेर आल्या.

"अगोबाई, तुम्ही लाल गाडीवाल्या बाईंचे यजमान! पंधरा हिवाळे यायच्या हो त्या. या अंगणात गाडी लावायच्या आणि इंजिन असं गरजवायच्या की माझ्या कढईतल्या सोयाच्या दुधावर लाटा उठायच्या. मी म्हणायची, चालू दे, इथे कोण ऐकतंय! मग एक तोफू घ्यायच्या. एकदा विचारलं, बाई, एवढा आवडतो का? तर हसल्या. म्हणाल्या, छे, मी तोंडालाही लावत नाही. आमच्या ह्यांना आवडतो."

मी तिथेच बाकावर बसलो. बाईंनी पुढे गरम तोफू ठेवला. नाही म्हणता आलं नाही. खाल्ला.

यासुनोरी


हिरोशिमा
२४ जानेवारी

यासुनोरीराव,

तामिए लहानपणापासून तोफू खात नव्हती. आई ओरडायची, ती तोंडात धरून ठेवायची आणि अंगणात जाऊन कोंबड्यांना घालायची. हे तुम्हाला माहीत नाही, हे मला माहीत नव्हतं.

तिची जुनी पत्रं काढून बसलो. दर हिवाळ्यात एक तरी ओळ आहे. "ह्यांना तोफू फार लागतो, पहाटे उठून जावं लागतं." मी बायकोला म्हणायचो, माझी बहीण कुठल्या खादाडाच्या घरी पडली, बर्फात बायकोला तोफूसाठी पिटाळतो. पंधरा वर्षं तुम्हाला मनातल्या मनात शिव्या दिल्या. त्या परत घेतो. इतर कारणांसाठी दिलेल्या तशाच राहू द्या.

तुम्हाला सरळ सांगितलं असतं तर तुम्हाला अपराधी वाटलं असतं आणि तुम्ही आणखी मिठाई वाटली असती. म्हणून तिने तोफूचं निमित्त काढलं. हुशार होती. माझीच बहीण.

आता ऐका. प्लग पुन्हा पुसा, सगळं पहिल्यापासून करा. पण या खेपेला नदीपलीकडे पळायचं नाही. तिला तुम्ही पळवलंत, तुम्ही स्वतः गल्लीत उभे राहून गरजवायचं.

गेनझो


कामिनुमा
१५ फेब्रुवारी

गेनझोदादा,

आपली आज्ञा मला वजनदार वाटली, म्हणून आधी रीतसर मार्गाने गेलो. मंडळाच्या बैठकीत उभा राहिलो आणि या गल्लीत आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी मागितलं. सकाळी सहा चाळीसला पाच मिनिटं आवाज करण्याची परवानगी.

तीन तास चर्चा झाली. कुणीही नाही म्हटलं नाही. प्रत्येक जण म्हणाला की आपली स्वतःची काहीच हरकत नाही, पण इतरांना काय वाटेल. इतर तिथेच बसले होते आणि तेही हेच म्हणत होते. शेवटी इगाराशी माझ्याकडे वळून म्हणाले, "कुमागाईसाहेबांचा विषय फार महत्त्वाचा आहे. पुढच्या बैठकीत त्यावर सकारात्मक विचार करू." पुढची बैठक मे महिन्यात आहे. मी चाळीस वर्षं नगरपालिकेत हेच वाक्य लोकांना ऐकवलं. ते ऐकताना कसं वाटतं, हे आता कळलं.

काल सकाळी सहा चाळीसला मी गाडीत बसलो. प्लग पुसून, तेल सोडून ठेवलं होतं. शेजारच्या आसनावर तामिएचा अस्थिकलश ठेवला होता, पट्टा लावून. किल्ली फिरवली. सुरू झाली. धूर झाला. सातही घरांचे पडदे एकेका बोटाने हलले. मी बंद केली नाही. काटा मधल्या रेषेवर येईपर्यंत अकरा मिनिटं लागली, अकरा वर्षांसारखी. मग तीन हजारांवर धरली, दहा आकडे मोजले आणि बंद केली. मिठाई वाटली नाही.

दुपारी परत किल्ली फिरवली. एका फटक्यात सुरू!

संध्याकाळी इगाराशी आले. दारातच घुटमळत राहिले. मला वाटलं, आता हवामान.

"कुमागाईसाहेब, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. का बरं?"

"नाही, म्हणजे... सकाळी एवढा आवाज झाला आणि मिठाई आली नाही. बायको म्हणाली, बघून या, आजारीबिजारी आहेत का. मुलं वाट बघत होती हो."

आज सकाळीही गरजवली. यापुढे रोज गरजवीन. ट्रक पाठवू नये, ही विनंती.

यासुनोरी


कामिनुमा
१९ मार्च

उद्या पहाटे निघतो आहे. तामिए शेजारी बसते आहे. वाटेत एक मुक्काम. एकवीसच्या संध्याकाळी आपल्या दारात. आपल्याला आवाज ऐकू येईल, त्याबद्दल माफी मागत नाही.

यासुनोरी


कामिनुमा
२७ मार्च

आदरणीय गेनझोदादा,

इथे बर्फ वितळू लागला आहे. काल आगगाडीने सुखरूप पोचलो.

आपल्या घरच्या पाहुणचाराबद्दल किती आभार मानू? तामिए आपल्या आईजवळ विसावली, मी शब्द पाळला. पण परतीच्या सकाळी गाडी सुरू झाली नाही आणि मला ती आपल्या दारात टाकून यावं लागलं, याची खंत जात नाही. आगगाडीत रात्रभर विचार केला. एकवीसच्या संध्याकाळी पोचलो तेव्हा इंजिन पूर्ण तापलेलं होतं. बंद करण्याआधी दहा आकडे मोजले होते, हे मी शपथेवर सांगतो. तरी प्लग ओले झाले, म्हणजे चूक माझ्याच हातून कुठेतरी झाली. आपण त्या दिवशी एक शब्दही बोलला नाहीत, मान खाली घालून उभे होतात. आपला तो मोठेपणा मला फार लागला. मी त्या गाडीला लायक नाही, हे आपलं पहिल्यापासूनचं मत बरोबर होतं. गाडी आपल्याकडेच ठेवून घ्यावी.

यासुनोरी


हिरोशिमा
३१ मार्च

यासुनोरीराव,

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. पहिली तीन फाडली, त्यांत मी खोटं बोललो होतो.

बावीसच्या सकाळी तुम्ही आणि माझी बायको थडगं धुवायला गेला होतात. तेवढ्यात मठातले गुरुजी त्यांची मोटार घेऊन आले. तुमची गाडी फाटकात आडवी. गुरुजी काच खाली करून माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "चेरी यंदा लवकर फुललीय, नाही?"

मी धावत गेलो, किल्ली लावली, गाडी चार मीटर मागे घेतली. गुरुजींच्या स्वच्छ झग्यावर धूर चालला होता. मी घाईघाईने बंद केली आणि खाली उतरून कमरेत वाकलो. अर्धं मिनिटसुद्धा झालं नसेल.

वाकलेला असतानाच मला कळलं. छत्तीस वर्षं पट्ट्या बसवणारा मी, झाडूवाल्याला ठाऊक असलेला नियम विसरलो, आणि कशापायी? चेरीच्या फुलांपायी. मग परतीच्या सकाळी तुम्ही किल्ली फिरवत बसलात, कपाळावर घाम, "माझंच चुकलं, माझंच चुकलं" म्हणत, आणि मी शेजारी उभा राहून तुम्हाला म्हणू दिलं. त्याला तुम्ही मोठेपणा म्हणता. तो भित्रेपणा होता. मला माफ करा. हे वाक्य मी तुम्हाला याआधी कधी लिहिलेलं नाही, शोधून बघा.

तुम्हाला मिळमिळीत म्हणून हिणवत आलो. मिळमिळीत मीच निघालो. तुम्ही निदान सात घरांसमोर उभे राहून गरजवलंत.

परवा प्लग पुसले, तेल सोडलं, गाडी सुरू केली. दारातच, अकरा मिनिटं. समोरचा म्हातारा बाहेर आला, त्याला म्हटलं, बहिणीची गाडी आहे, ऐकून घे. तो कानावर हात ठेवून उभा राहिला, पण आत गेला नाही. मग इंजिन तापलंच होतं, म्हणून फिरवून आणली. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. बाजारापलीकडे तोफूचं दुकान आहे, तिथे थांबलो. एक घेतला. घरी येऊन सगळा खाल्ला. तुम्ही म्हणता तसाच लागतो, ओल्या कापडासारखा. ती पोरगी हे रोज आणायची आणि तुम्ही रोज खायचात, आणि दोघांपैकी एकालाही आवडत नव्हता. वेडे होतात हो तुम्ही दोघं. ताटावरच रडू आलं. बायकोला वाटलं, तोफूवरची मोहरी झोंबली.

गाडी मी ठेवणार नाही. दहा एप्रिलला निघतो, चालवत घेऊन येतो. चार दिवस राहीन. सकाळी सहा चाळीसला गाडी तुम्हीच काढायची, मी शेजारी बसेन. नदीपलीकडे जाऊ. ओबाताबाईंना सांगून ठेवा, दोन तोफू लागतील.

गेनझो